रिकाम्या पोत्याची परीक्षा

जनावरांच्या सरकारी कचेरीत मी एकोणीस वर्षं नोकरी केली आणि तेवढ्या काळात एकाही जनावराला हात लावला नाही. माझं टेबल आवक-जावक टपालाचं. पण फुलंब्रीच्या पलीकडच्या आमच्या गावात हा बारकावा कोणी लक्षात घेत नसे. कोणाची म्हैस आटली तरी निरोप मला यायचा, आणि मीही (आता खोटं कशाला बोलू) सल्ला द्यायचो.

त्या वर्षी लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस गेला होता. गावाला टँकर, शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी. तरी शहर वाढायचं काही थांबेना. हर्सूलच्या पुढं जिथं ज्वारी व्हायची, तिथं चुन्याच्या रेघा ओढून प्लॉट पडले होते. त्यातल्याच एकावर मी दोन खोल्या बांधल्या होत्या. एके सकाळी तिथं भागाआत्या डालगं घेऊन दारात उभी राहिली. भागाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू.

"मेंढरं घिऊन पैठणच्या अंगानं चाललो," ती म्हणाली. "धरण आटलंय. गाळात हिरवं उगवलंय म्हणत्यात."

मग तिनं डालग्यातून एक तांबडी कोंबडी काढली.

"मानमोडीच्या रोगानं समद्या गेल्या रं. ही येकटी राह्यली. मला येगळं घातलं तवा सासूनं भांडी नाय दिली, कोंबडी दिली. तिचाच वंश हाय ह्यो. वाटंनं कुत्री-मुंगसं हिला ठिवायची नाय. पाऊस पडस्तोर सांभाळ. ही गेली तर माझ्या दारात पुन्यांदा गावरान कोंबडी दिसायची नाय."

"आत्या, निर्धास्त जा," मी म्हणालो. "कोंबडी आता खात्याच्या माणसाकडं आहे."

आत्यानं खूण म्हणून कोंबडीच्या पायाला काळा दोरा बांधला आणि गेली. तो दोरा मी त्याच संध्याकाळी कात्रीनं कापला. पायाचा रक्तपुरवठा खुंटतो, असं मी बायकोला समजावून सांगितलं. हे मी कुठं वाचलं होतं ते आजतागायत आठवलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात सायकलवर पिंजरा बांधून एक कोंबडीवाला आमच्या वसाहतीत आला. "असली गावरान, साहेब. देखके लो." मी देखके घेतल्या. चार. आत्या परत येईल तेव्हा एकीच्या जागी पाच गावरान कोंबड्या बघून तिचे डोळे भरून येतील, असा माझा हिशेब. चारही तांबड्या होत्या. मोकळ्या प्लॉटवर पाची जणी एकदा मिसळल्या, आणि सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं, "ह्यातली आत्यांची कुठली?"

"ती काय, ती ह्यातलीच," मी म्हणालो.

महिना-दोन महिने बरे गेले. चार कोंबड्या रोज चार अंडी देत. पाचवीनं मात्र एकाएकी अंडी बंद केली. पाण्याअभावी आमचा कूलर त्या उन्हाळ्यात बंदच होता. ही बया त्याच्या आत जाऊन भुशात बसली. पिसं फुलवून, डोळे वटारून, दिवसच्या दिवस. उचलून बाहेर ठेवली की गुरगुरत पुन्हा कूलरमध्ये. सुनंदा झाडायला गेली तर तिच्या मनगटाला चोच मारून तिनं रक्त काढलं.

"मला वाटतं हीच आत्यांची," सुनंदा मनगट चोळत म्हणाली.

"कशावरून?"

"हिला राग येतो. बाकीच्यांना कशाचंच काही वाटत नाही."

आता हे काय शास्त्र झालं? मी कचेरीतून कोंबडीपालनाचं एक पत्रक आणलं. (त्याची सहाशे पाकिटं मी स्वतःच्या हातानं चिकटवली होती, वाचलं मात्र पहिल्यांदाच, आणि तेही अर्धं.) उत्तम कोंबडीची लक्षणं त्यात दिली होती: तुरा लालभडक, वागणं शांत, अंडी नियमित. चारही कोंबड्या त्यात चपखल बसत होत्या. कूलरमधली एकाही ओळीत बसेना. माझं म्हणणं सरळ होतं: उत्तम ते आपलं गावरान, आणि बिघडलेलं ते कंपनीचं, पोल्ट्रीतलं; कोंबडीवाल्यानं तसली एक खपवली असणार. शेजारच्या चार जणांना अंगणात बोलावून मी हा निकाल जाहीर केला. शेजारी माना डोलवत होते. सुनंदा डोलवत नव्हती.

"आजारी दिसते. रोग पसरायच्या आत घालवलेली बरी," मी म्हणालो, आणि कोंबडी पिशवीत घालून पलीकडच्या प्लॉटवरच्या हमीदभाईंना नेऊन दिली. हमीदभाईंचं शहागंजात शिलाईचं दुकान. माणूस कमी बोलणारा. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"साब, मुर्गी अच्छी दिखती."

"कंपनीची आहे. कापून टाका."

"पक्का?"

"हमीदभाई, मी खात्यात आहे."

"हौ," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन आत गेले.

पाऊस झाला. ज्वारी-बाजरीच्या पेरण्या उरकून आत्या आली. तेच डालगं, आता धुऊन-पुसून. मी चारही कोंबड्या ओळीनं अंगणात सोडल्या आणि बाजूला उभा राहिलो, शाळेच्या तपासणीला हेडमास्तर उभे राहतात तसा.

आत्यानं चारींच्या भोवती एक फेरी मारली. मग कोपऱ्यातलं कोंबड्यांच्या भरड्याचं रिकामं पोतं उचललं, दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि फडाफडा हलवत अंगणभर फिरवलं. जमिनीवर मोठी सावली फिरली.

चारही कोंबड्या पंख पसरून सुसाट धावत आल्या. पोत्याकडं.

"बघ, किती माणसाळल्यात," मी म्हणालो.

आत्यानं पोतं खाली टाकलं. "घार आली म्हून गावरान कोंबडी झाडाबुडी शिरती. ह्यांला वाटतंय खायाला आलं." ती पायरीवर बसली. "माझी कुटं हाय?"

सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी कूलरपासून सांगायला लागलो. आत्यानं मला मध्येच थांबवलं.

"येका जागी बसली व्हती? फुगून? हात लावला की टोचत व्हती?"

"हो. आजारी होती, आत्या."

"आजारी नाय रं. खुडूक बसली व्हती. पोटाखाली अंडी मागत व्हती. गावरानच बसती. ह्या कंपनीच्या निस्त्या घालत्यात, बसायचं इसरल्यात त्या."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रिकाम्या डालग्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. दुष्काळात निम्मी मेंढरं विकली तेव्हा जी बाई रडली नव्हती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला माझी लाज वाटली.

"कोणाला दिली, ते तरी दाखव," ती म्हणाली.

आम्ही तिघं हमीदभाईंच्या दारात गेलो. मी दोघींच्या मागं उभा राहिलो. सुनंदानंच विचारलं, "भाई, ती कोंबडी... कशी झाली?"

"आओ ना भाभी," हमीदभाई म्हणाले, आणि मागचं दार उघडलं.

शिलाई मशिनच्या जुन्या लाकडी खोक्याशेजारी तांबडी उभी होती, आणि तिच्या पायांत बारा पिलं.

"साब, बैठी हुई मुर्गी को कौन काटता?" हमीदभाई अगदी संकोचून म्हणाले. "सासरे के गाँव से अंडे लाके रख दिया. आपको बोला नै. आप खाते में हैं, बुरा मान जाते."

आत्यानं डोक्यावरचा पदर दोन हातांत धरून एकदाच हवेत उडवला. तांबडीनं घशातून एक आवाज काढला आणि क्षणात अंगणात कोणी नव्हतं. बाराच्या बारा पिलं खोक्यामागं गडप. आत्या तोंडाला पदर लावून हसली.

वाटणी तिथंच ठरली. कोंबडी आत्याची, अंडी हमीदभाईंची, म्हणजे पिलं अर्धी-अर्धी. हीच रीत. खात्याच्या माणसाचा वाटा कोणी काढला नाही.

निघताना आत्या सुनंदाला म्हणाली, "त्या चार ऱ्हाऊ दे तुला. रोज अंडं देत्यात, भांडण-तंटा नाय. निस्ती घार तेवढी कळत नाय त्यांला." मग माझ्याकडं बघून, "ह्याला बी ऱ्हाऊ दे. त्याच जातीचा हाय."

तेव्हापासून आमच्या घरी जेवायला हाक मारत नाहीत. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रिकामं पोतं झटकते, आणि पहिला मी पोहोचतो. चारही कोंबड्या माझ्या मागून येतात.