डिश बोटभर सरकवताना

काल कपाट आवरताना तुमच्या आईचा शाळेतला कोनमापक सापडला. मध्ये दोरा आणि दोऱ्याला लोखंडी नट अजून तसाच. हा मी केलेला ओळंबा. आम्ही उदगीरला असताना वादळानं गच्चीवरची डिश फिरली, आणि नेमकी दुसऱ्या दिवशी दुपारी तुमची आई टीव्हीवर शेतकऱ्यांना बियाण्याविषयी पाच मिनिटं सांगणार होती. मी आधी डिशचा पाइप सरळ उभा करून घेतला, मग कोनमापक लावून तिचा कल डिशसोबत आलेल्या पुस्तिकेत दिलेल्या अंशावर आणला. उरलं ते डावी-उजवीकडे फिरवणं. तुमच्या आजोबांना बजावलं, बोटभर सरकवा आणि दहापर्यंत मोजा, चित्र यायला वेळ लागतो. ते पाचावरच हात घालत. "अहो, थांबा ना!" "किती थांबू? पाय भाजून राहिले इथं!" खाली टीव्हीसमोर माझ्या सासूबाई होत्या, चित्र दिसलं की ओरडायचं, एवढंच त्यांचं काम. मी जिन्यातून विचारत होते, "आलं का?" उत्तर नाही. म्हणून आम्ही सरकवत राहिलो, डिशचं तोंड पार शेजाऱ्यांच्या टाकीकडे होईपर्यंत. शेवटी वैतागून मी खाली गेले, तर पडदा निळा आणि सासूबाई रागावलेल्या. "आली होती की पोरगी! लई ग्वाड दिसली. तुम्हीच घालवली." "मग ओरडलात का नाही?" "ती बोलत असताना मी मधी कशाला बोलू?" तुमची आई त्या दिवशी काय बोलली, हे मला आजही ठाऊक नाही, साडी मात्र मोरपंखी होती म्हणे.