आम्हीवाल्या मॅडम

घनसावंगीच्या पलीकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर दैवशाला मॅडम आहेत. बाई अंगानं काडी, पण एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायच्या नाहीत! माघारी गाव त्यांना 'आम्हीवाल्या मॅडम' म्हणतं. म्हणेना का! त्या नावापायी एका पोरीची शाळा वाचली.

झालं असं, की पाचवीच्या वर्गात निरनिराळ्या धर्मांचा पाठ चालला होता. आर्यन ऐटीत उठला, "नवरात्रात आपण घट बसवतो." खिडकीजवळची आसमा सहज बोलून गेली, "आम्ही न्हाई बसवत."

"मंग तू आपल्यातली न्हाईच!" वर्ग खिदळला. मॅडमनी आर्यनला दटावलं आणि पाठ पुढं नेला. मिटलं म्हणायचं? कशाचं काय! दुसऱ्या दिवसापासून आसमा शाळेत दिसेना.

मॅडम तडक तिच्या घरी गेल्या. तिचे वडील अय्यूबभाई परतूरच्या रस्त्यावर जीप चालवतात. ते म्हणाले, "पोरीला परतूरला मामाकडं ठेवतो, मॅडम. तिकडंच शाळेत घालतो. ती इचारती, वर्गात 'आपण' म्हणलं की मी कुठं बघू? काय सांगू तिला?"

नुसतं दटावून पाठ पुढं नेला, म्हणून मॅडमना स्वतःचाच भारी राग आला. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबा," एवढं मात्र त्यांनी कबूल करून घेतलं.

मग वर्गात नवा नियम निघाला. धर्माचं सांगायचं तर 'आम्ही' म्हणायचं. 'आपण' म्हणायचं ते वर्गातल्या झाडून साऱ्यांनी मान हलवली तरच. आपण भाकरी खातो, चालेल. आपण घट बसवतो, बिलकुल नाही! पोरांना खेळच गवसला. आम्ही खंडोबाची तळी भरतो, हरिओम सांगू लागला. आम्ही बुद्धवंदना म्हणतो, प्रीती सांगू लागली. आसमा परत येऊ लागली होती, पण तोंडातून शब्द काढत नव्हती.

हे गावभर झालं आणि शाळा समितीचे अध्यक्ष काकासाहेब तणतणत आले. "मॅडम, काय लावलंय हे? शाळेत धर्म कशाला? अन् शिकवायचाच तर आपला शिकवा ना!"

"आपला म्हंजे कोणाचा, काकासाहेब?"

"आपला म्हंजे आपला! बंद करा हे, न्हाईतर मी वर कळवतो."

पाठ बंद झाला तर आसमा गेलीच, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पदर खोचला. "खुशाल कळवा. मी कोणाकडून पूजा करून घेत न्हाई, का नमाज. शेजारचं पोरगं काय मानतं, एवढं कळावं म्हणून शिकवते. अन् कळवायच्या आधी एकदा वर्गात या. तुमच्या घरचं सांगा."

काकासाहेब काय मागं सरतात! कडक टोपी घालून हजर झाले. "तर पोरांनो, आपण समदे..."

"आम्ही! आम्ही!" वर्ग ओरडला.

"बरं बाबा, आम्ही!" मग घट सांगितले, पोळा सांगितला, गडी रंगात आला. "अन् माझ्या येळेस मायनं दर्ग्याला नवस बोलल्ता. तव्हापासून उरसाला आम्ही मलिदा नेतो. गुळाचा, वरून तूप."

आसमा उठून उभी राहिली. "आमची अम्मी बी गुळाचाच करती." आणि पुढं म्हणाली, "मंग काका, मलिदा आपण नेतो."

आर्यनला राहवेना. "मॅडम, समद्यांनी कुठं मान हलवली?"

"तू गप रे!" काकासाहेब गरजले. "बराबर म्हणली पोरगी."

नियमाच्या एवढ्या पक्क्या मॅडम, पण त्यांनी चक्क कानाडोळा केला. फळ्यावर एक अक्षर नव्हतं, तरी पुसत उभ्या राहिल्या. काकासाहेब दारापर्यंत गेले आणि वळले. "चालू द्या तुमचं. पण ते 'आम्ही' काय माझ्या तोंडात बसत न्हाई, सांगून ठेवतो."

सुट्टी लागायच्या दिवशी अय्यूबभाई जीप घेऊन फाटकाशी आले. "मंग बेटा, परतूरचं काय करायचं?" त्यांनी लेकीला विचारलं.

आसमानं दप्तर जीपमध्ये टाकलं. "परतूर कायकू, अब्बा? अपनी शाळा तो इधरीच है."