कुंकू लागलेले कुलूप

११ ऑक्टोबर १९९७, सकाळी पावणेनऊ. दसरा. संगणकाच्या मागे खोचलेले कुलूप मी काढले आणि पाटावर मांडले. काडेपेटीएवढा तो तुकडा जोडलेला असल्याखेरीज मराठी टंकलेखनाचा प्रोग्राम उघडत नसे. कोणी फुकट नक्कल करू नये म्हणून कंपनीने केलेली ती व्यवस्था. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर घेतलेली माझी सर्वांत महाग वस्तू तीच. पाणी शिंपडले, हळदकुंकू वाहिले.

साडेदहाला कुलूप पुसून जोडले. प्रोग्राम उघडला नाही. उन्हात वाळवून पाहिले. नाहीच.

आत थोरल्या बहिणीची कानबाई देवीची गाणी होती. तिने सांगितली, मी वहीत उतरवली, मग टंकित केली. यंत्रात आली म्हणून वही रद्दीत दिली. ती चूक माझी. फ्लॉपीवर प्रत होती. तिलाही तेच कुलूप लागे. बहिणीला हल्ली नातवंडांची नावे आठवत नाहीत.

घरात बसवेना. पर्वत पाटिया भागात, प्रोग्राम घेतला होता त्या विक्रेत्याकडे गेलो. तो फाफडा-जिलेबी खात होता.

"काका, पूजा मशीन की करते हैं. लॉक को कौन नहलाता है?"

मी दुसरे कुलूप मागितले.

"दूसरा मतलब पूरा नया सॉफ्टवेअर. कंपनी का नियम है."

मी पावती पुढे केली.

"आपने इस्तेमाल का हक लिया है, काका. माल तो कंपनी का. लो, जिलेबी लो."

जिलेबी घेतली नाही. पावतीसोबत आणलेल्या प्रोग्रामच्या पाकिटातला बारीक छापलेला करार रस्त्यात उभे राहून प्रथमच वाचला. विक्रेता खरे बोलत होता. प्रोग्राम त्यांचा, हे मान्य. गाण्यांविषयी त्यात एक अक्षर नव्हते.

तसाच गोडादऱ्याला बहिणीकडे चालत गेलो. तिने सारे ऐकून घेतले.

"गाना मना, नि कुलूप कोनं रे, भाऊ?"

गाणी तिची, कुलूप कंपनीचे. "गाणी म्हणून पाहतेस का?" मी विचारले.

पहिले गाणे तिने सलग म्हटले. दुसऱ्याच्या मध्यावर थांबली, मागे गेली, पुन्हा तिथेच थांबली. मग पदर सावरत म्हणाली, "लिखी ले बरं लवकर."

कोपऱ्यावरच्या दुकानातून फुलस्केप कागद आणले. दोन कागदांमध्ये कार्बन ठेवला, कडा जुळवल्या, आणि पहिले गाणे पेन दाबून लिहिले.