आमची भांडणमिटवी मंडळी

लोकांची भांडणं मिटवत फिरलं, की वर्षा-दोन वर्षांत भांडणं विसरायला होतात, कोण काय बोललं तेवढं मात्र डोक्यात साठत जातं. नेरूळच्या आमच्या शांतता समितीत कायम हजर असे आम्ही तिघंच. मी रिटायर्ड क्लार्क, पुष्पाताई दवाखान्यातल्या जुन्या नर्स आणि गावठाणातले दामूदादा. पार्किंगवरून एकदा चाकू निघाला, तेव्हा ही समिती झाली.

पहिल्याच मीटिंगला अध्यक्ष कोण, यावरून मी आणि दादा हमरीतुमरीवर आलो. पुष्पाताईंनी चहाचा ट्रे मागे ओढला. "आधी ही केस मिटवा!"

अध्यक्ष त्याच झाल्या.

*

दोन शेजारी वर्षभर एकमेकांना "बघून घेईन" म्हणत होते. दादांनी दोघांना समोरासमोर खुर्च्या दिल्या. "घ्या बघून!"

दहा मिनिटं बघत बसले. मग एकाला हसू फुटलं.

*

रिक्षा स्टँडवर भर दुपारी रिक्षावाल्या सचिननं सीटखालून चॉपर काढला. का, तर दुसऱ्यानं लाईन मोडली. तो दुसरा भिंतीला चिकटलेला. मी एका रिक्षाच्या मागे सरकलो. पुष्पाताई सरळ मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"सचिन, तुझ्या बाबांच्या डोक्याला टाके पडले, तेव्हा मी त्यांचा हात धरला होता. आज कोणाचा धरू?"

"काकी, तुमी बाजूला व्हा."

"नाही होत."

बऱ्याच वेळानं त्यानं चॉपर त्यांच्या हातात दिला आणि फूटपाथवर बसून रडला. ताईंनी चॉपर भाजीच्या पिशवीत टाकून चौकीत नेला. हवालदारानं आधी मेथीची जुडी बाहेर काढली.

"मॅडम, ही पण जमा करायची?"

*

सेक्टरच्या ग्रुपवर मेसेज आला, 'फायरिंग झाली!' आम्ही धावत गेलो, तर कारचा टायर फुटलेला. दादांनी हात जोडले. "देवाची कृपा, टायरच हाय!"

कारचा मालक आमच्या अंगावर धावून आला.

*

गावठाणात हळदीला हवेत गोळ्या झाडायची काहींना हौस. आम्ही लग्नघरी जाऊन विनवायचो, 'बंदूक आणू नका.' एका नवरदेवाचा बाप दादांना म्हणाला, "तुमचं रिव्हॉल्वर हाय ना कपाटात? मंग आमाला काय शिकवता?"

दादा चपला घालून बाहेर पडले. त्यांच्याकडे लायसन्स होतं, आणि पोराच्या हळदीत त्यांनीही बार काढले होते.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन पोलीस स्टेशनला गेले आणि रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं. साहेबांनी अर्जावर पेन टेकवलं. "कायमचं जमा? कारण काय लिहू?"

"लिवा, नात आवाजाला घाबरते."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "दादा, तुम्हाला नात कुठाय?"

"सुनेला सातवा लागलाय," दादा म्हणाले. "येनारच की आता!"