विलासकाकांचं तोंड आणि ज्युलीचं नाक

विलासकाका काल दुपारी गेले. त्यांना आयुष्यात एक गोष्ट कधी म्हणजे कधी जमली नाही, ती आज मला सगळ्यांना सांगायचीय.

त्यांना तोंडावरचं काही लपवता यायचं नाही.

सातम-आठमला, गोकुळाष्टमीच्या दिवसांत, आपल्याकडे घरोघरी पत्त्यांचे डाव पडतात. काकी त्यांना बसूच द्यायच्या नाहीत.
"अहो, एक्का आला की भुवया पार टाळूला! उठा, चहा करा सगळ्यांना."
काका उठायचे. चहा मात्र फक्कड करायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काका कुत्र्यांचे ट्रेनर. पाळीव लाडोबांचे नाही, कामाच्या कुत्र्यांचे. गेटवर गाड्या हुंगणारी, स्फोटकं शोधणारी कुत्री. मी त्यांच्याच हाताखाली शिकले.

त्यांचा एक नियम होता. प्रॅक्टिस संपली की सगळ्यांनी सेव-उसळीच्या लारीवर, त्या हातगाडीपाशी, यायचं, आणि आज आपलं स्वतःचं काय जमलं, काय फसलं ते बोलायचं.
कुत्र्यावर ढकललंत तर वाटीत तिखट तरी जास्तीची. आणि ती संपवायची!

मी फार तरी प्यायलेय, बाबांनो.

काका म्हणायचे, "मृणाल, तुझा आवाज छान आहे. पण तू चिडतेस आणि पट्टा खेचतेस. आणि तोंड तर काय, लाकूड! कुत्र्याला कळायचं कसं, तू खूश आहेस का नाही ते?"
आता माझं तोंड असंच आहे, त्याला मी काय करू? माझ्या लग्नाच्या अल्बममध्येही मी भांडायला आल्यासारखी दिसते.

तर ज्युली.

काळी लॅब्राडोर. काकांच्या खाटेखाली झोपायची, काका बाथरूमला गेले तरी दाराशी बसायची. नंदेसरीच्या एका कंपनीच्या गेटवर तिचं काम जवळजवळ ठरलं होतं. फक्त टेस्ट पास व्हायची होती. नाहीतर आमची एजन्सी तिला एका गोडाऊनवर साखळीला बांधणार होती, येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकायला.
ज्युलीला! जी मांजरालासुद्धा वाट देते.

पण आम्ही निवांत होतो. मैदानात पत्र्याचे डबे ओळीने मांडायचे, एकात काका स्फोटकाच्या वासाचं सॅम्पल ठेवायचे, आणि ज्युली बरोब्बर त्याच डब्यापाशी जाऊन बसायची. एकदा चुकेल तर शपथ.

मग एक दिवस काकींनी काकांना खंडेराव मार्केटला पाठवलं. ते येईपर्यंत सॅम्पल मी ठेवलं. काका आले, हातात मेथीची पिशवी, तसाच दुसऱ्या हातात पट्टा घेतला.
ज्युली ओळीतून चालली. डबा हुंगायची, काकांच्या तोंडाकडे बघायची. पुढचा डबा, परत तोंड.
एका डब्यापाशी काका थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायला.

ज्युली टुणकन बसली.

डबा रिकामा होता.

आम्ही पोट धरून हसलो. काका हसले नाहीत.

"परत लाव. मला सांगू नकोस कुठलाय."
परत रिकामा. परत लावला, परत रिकामा.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सॅम्पल स्वतः ठेवलेलं असायचं, म्हणून खऱ्या डब्याजवळ काकांचं पाऊल जरासं अडायचं. भुवया तर काय, जायच्याच वर. बाई डबे कुठे हुंगत होत्या? त्या काका वाचत होत्या!

त्या दिवशी लारीवर काकांनी आधी स्वतःच्याच वाटीत जास्तीची तरी घालून घेतली. मग म्हणाले, "माझं काय चांगलं, तर कुत्रं माझ्यावर जीव टाकतं. आणि माझं काय वाईट, तर तेच."
मग माझ्याकडे वळले. "ज्युलीला तू घेऊन जा. तुझं ते लाकूडच पाहिजे आता."

मी नाही म्हटलं. रडवेली झाले, पण तोंडावर काय दिसणार?
"पोरी, ती माझ्याकडे राहिली तर साखळीला जाईल," ते म्हणाले. "चाल ने, घेऊन जा."

ज्युली माझ्याकडे आली आणि जेवणावर रुसली. काकांचा रोज फोन. "खाल्लं का गं तिने? आणि हे बघ, मी कितीही म्हटलं तरी मला भेटवू नकोस."
काकी चोरून भाकऱ्या पाठवायच्या. त्या मात्र बाईसाहेब खायच्या.

मी पहिल्यापासून सुरू केलं. सॅम्पल दुसऱ्याने ठेवायचं, मला पत्ताच नाही. ज्युली माझ्या तोंडाकडे बघायची. तिथे काही नाही. शेवटी बिचारीने नाक खाली घातलं.

टेस्टला काका आलेच. राहवतंय कुठे! पण तिला दिसायला नको म्हणून लांब जाऊन कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.
वॉचमन ओरडला, "ओ काका, यहाँ नहीं! बाथरूम उधर है!"
काका हलले नाहीत.

ज्युली चालली. हुंगत, हुंगत. एका डब्यापाशी बसली. मला खरंच माहीत नव्हतं, बरोबर की चूक.
ऑफिसर म्हणाले, "राइट."
भिंतीकडूनच आवाज आला, "बसली? बसली का गं?"

मी तिच्या बक्षिसाचा बॉल फेकला. तो गेला काकांच्या पायाशी. ज्युली धावली, बॉल उचलला आणि तशीच माझ्याकडे परत.

"माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही गं तिने!" काका म्हणाले. हसत होते आणि डोळे पुसत होते. इतका खूश झालेला माणूस मी बघितला नाही.

आज सकाळी काकी म्हणाल्या, ज्युलीला आण.

आणलं. ती सरळ आत गेली, त्यांच्या उशाशी उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. बघतच राहिली. आपण काय करायचं ते तिला कळेना.

तुमच्या तोंडावर पहिल्यांदाच काही नव्हतं, काका.

मी खूप रडले. सगळ्यांना दिसलं.

आवजो, काका. उद्या ज्युलीची ड्युटी आहे, मी घेऊन जाते तिला.