नवऱ्याची विहीर बंद करणारी वहिनी

नवऱ्यावरचा राग काढायला वहिनींनी त्याची तेलाची विहीर बंद पाडली, अशी कुजबुज कँटीनमध्ये चहाच्या कपाआडून चालायची. आता खोटं का बोला, त्यात मीठमसाला आम्हीही घातला.

नवरा ड्रिलर, जमिनीला खोल भोक पाडणारा, आवाजही तसाच. बायको त्याच कंपनीत इंजिनियर, भोकातून तेल का येत नाही ते शोधणारी. घरात कोण कुणाच्या चुका काढत असेल, ते तुम्हीच ओळखा! ड्रिलरची बायको म्हणून ती सगळ्यांचीच वहिनी.

निवृत्तीआधीची त्याची शेवटची विहीर कण्हत कण्हत तेल देत होती. साहेब म्हणाले, "सिमेंट ओतून बुजवा." ड्रिलर त्या दिवशी जेवला नाही. "खडकच भिकार," एवढंच पुटपुटला.

वहिनींना ते पटेना. साहेबांच्या मागे लागून त्यांनी विहिरीचं तोंड बंद करवलं आणि आतला दाब कसा चढतो ते बघत बसल्या. बंद करताच दाब उसळला. म्हणजे खडकात जोर होता. तुंबला होता तो फक्त भोकाला लागून असलेला थर. त्याला त्यांच्या धंद्यात 'स्किन' म्हणतात. इथली स्किन इतकी वाईट, की वीतभर रुंदीची विहीर सुईच्या भोकाएवढी असल्यासारखी वागत होती.

"अहो, खडक चांगलाय. खोदताना भोकात सोडलेला तुमचा चिखल आत शिरून बसलाय."

"माझा चिखल?"

"शेवटची विहीर, काही बिघडू नये म्हणून जरा जास्तच जड केलात."

"हे मीटिंगमध्ये सांगणार?"

"नाही सांगितलं तर बुजवतील. मग काय, सिमेंटवर हार घालायचा?"

"माहेरी जा!"

"जाईन. आधी विहिरीत आम्ल सोडून येते."

सांगितलं हो बाईनं, चारचौघांत! ड्रिलर पंख्याकडे बघत बसला होता. नवऱ्याची विहीर वाचवायला नवऱ्याचीच चूक मांडायची, याला छाती लागते. शिवाय आठवडाभर एकटीनं जेवायची तयारी.

आम्लानं त्या चुनखडीच्या खडकात नव्या वाटा काढल्या. वीतभर विहीर दोन हात रुंद असल्यासारखी वाहू लागली. निरोपाच्या दिवशी ड्रिलर पाहुण्यांना तीच दाखवत होता, "ही आमची दोघांची."

राहता राहिली ती कुजबुज. विहीर दाब मोजायला बंद केली होती. भांडण त्यानंतर झालं.