सहा इंची पट्टी

गिटारच्या क्लासच्या पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा पप्पांनी विचारलं, "काय शिकवलं?" मी तोऱ्यात सांगितलं, "स्केल." त्यांनी शर्टाच्या खिशातून स्टीलची सहा इंची पट्टी काढून माझ्यापुढे धरली. "ही? हिच्यात शिकायचं काय अस्तंय?" प्रेस शॉपमध्ये पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या माणसाला स्केल म्हटल्यावर दुसरं काय सुचणार. आई हसली, मी फुगून बसले. आकुर्डीतल्या क्लासच्या सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "गाणारेसुद्धा पट्टीच म्हणतात की. पप्पा फारसे चुकले नाहीत." हे मी घरी कळू दिलं नाही, नाहीतर पप्पा डोक्यावर बसले असते.

मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. गिटार मावसभावाची, जुनी. पप्पा मूळचे लातूरकडचे, चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर, आणि बहुतेक आठवडे थर्ड शिफ्ट. सकाळी कंपनीची बस त्यांना चौकात सोडायची. आंघोळ करून, दोन घास खाऊन ते झोपायचे. घर म्हणजे एक खोली आणि तिच्यातच स्वयंपाकाचा ओटा. मी दुपारी कॉलेजमधून यायचे तेव्हा ते गाढ झोपेत असायचे. म्हणून तारा जिथे लाकडाला अडकवलेल्या असतात तिथे त्यांच्याखाली घडी केलेला रुमाल कोंबायचा आणि सराव करायचा. सगळ्यात जाड तारेपासून एकेक सूर चढत बारीक तारेपर्यंत, मग तसंच उतरत परत. सूर कसला, नुसती टकटक. बोटांची टोकं सोलून निघाली, मग त्यांना घट्टे पडले. आपण काय वाजवतोय ते आपल्यालाच ऐकू येत नाही, असला तो सराव होता.

रुमाल निघायचा फक्त गुरुवारी. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. चहा झाला की पप्पा पलंगावर मांडी घालून बसायचे आणि कंपनीत तपासणीला पार्ट मागवतात तसं म्हणायचे, "आण तुझा पीस." ठरलं असं होतं की स्केल एकदा खालून वर आणि वरून खाली नीट वाजली की ते पास म्हणणार, आणि पास झाली की रोज रुमालाशिवाय वाजवायची, ते झोपले असले तरी. मला ते पास हवं होतं. सरांच्या कौतुकापेक्षा जास्त हवं होतं, कारण आमच्या घरात कौतुक हा प्रकारच नव्हता.

मी वाजवायचे. ते डोळे मिटून, सुरागणिक मांडीवर बोट आपटत ऐकायचे. संपलं की म्हणायचे, "मधीच थांबायलीस तू. पट्टी तीन इंचालाच तुटायली. रिजेक्ट."

आधी वाटलं, थट्टा करतायत. मग वाटलं, बारीक तारांवर माझं बोट नीट बसत नसेल. सरांना वाजवून दाखवलं, ते म्हणाले, अगदी स्वच्छ येतंय. तरी मी बारीक तारांचाच सराव वाढवला. पुढच्या गुरुवारी पुन्हा रिजेक्ट. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. मला त्यांचा भयंकर राग यायला लागला. एकदा जेवताना ताट सरकवून मी म्हटलं, "तुम्हाला गाण्यातलं काय कळतं?" ते घास चावत म्हणाले, "काय?" मी ताट उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं.

मग एका गुरुवारी मी हट्टाने सावकाश वाजवलं आणि नजर त्यांच्या बोटावर ठेवली. सहांपैकी तीन जाड तारांवर सूर वाजला की बोट पडत होतं. मी बारीक तारांवर गेले. बोट पडलं नाही. मी तार जोरात छेडली. बोट मांडीवर तसंच राहिलं. मी अगदी वरच्या सुरापर्यंत गेले, उतरत परत जाड तारांवर आले, तेव्हा कुठे ते पुन्हा हललं. "बघ," पप्पा डोळे उघडून म्हणाले, "आज बी मधी थांबलीस."

मी गिटार खाली ठेवली. ओट्याशी जाऊन आईच्या कानात सांगितलं. ती पोळी लाटत होती, लाटणं थांबलं नाही. "मला माहिताय," ती म्हणाली. "कुकरची शिट्टी बी ऐकू येत नाही त्यांना. कंपनीत कळलं तर काढून टाकतेत. तू कुठं बोलू नकोस." ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती आणि पप्पा चार हातांवर बसले होते.

मला भीती वाटली. आईचा राग आला, आणि मी कधीच न पाहिलेल्या, रात्रभर त्यांच्या कानाशी धडधडणाऱ्या त्या प्रेसचा त्याहून जास्त आला. कानात घालायचे बोळे कंपनी देत होती. पण ते घातले की सुपरवायझरची हाक ऐकू येत नाही आणि बोलणी बसतात, म्हणून पप्पा ते खिशातच ठेवायचे, त्या पट्टीशेजारी.

पुढच्या गुरुवारी मी तीन जाड तारांवरच चढले आणि तिथूनच खाली उतरले. पप्पांचं बोट एकदाही चुकलं नाही. "आता कशी सलग आली," ते म्हणाले. "पास." मग आईकडे बघून, "शिकली की गं पोरगी." आणि मला, "उद्यापासून रुमाल काढून टाक. माझी झोप काही मोडत नाही हल्ली."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपले होते. त्यांच्या उशाशी बसून मी रुमालाशिवाय सगळी स्केल वाजवली, पार वरपर्यंत, हातात होता नव्हता तेवढा जोर लावून. शेजारच्या काकू दार ठोठावून सांगून गेल्या, जरा हळू वाजव. पप्पांनी कूसही बदलली नाही.